मागच्या फाटकाची किल्ली

भाऊ दामले म्हणजे बाळकुमच्या खाडीकाठच्या टॉवरांमधला चालताबोलता सद्गुण! जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर क्लबहाउसमध्ये दर गुरुवारी चिंतनवर्ग सुरू केला. "माणूस पारखायचा असेल तर त्याच्या हाती किल्ली द्या," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लोक माना डोलवायचे आणि मग चहा प्यायचे. अशा माणसाला सोसायटीने चेअरमन केलं, यात नवल ते काय?

तर हाती आली खरोखरचीच किल्ली. मागच्या फाटकाची. ते खाडीकडे उघडायचं. टॉवर उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून कोळ्यांची नारळाची मिरवणूक त्याच वाटेने जायची. म्हणून नारळी पौर्णिमेला फाटक उघडं ठेवायचं, असं तोंडी ठरलेलं होतं. मध्यंतरी दोन सायकली चोरीला गेल्या आणि भाऊंनी फाटकाला कुलूप ठोकलं. त्यात वावगं काही नव्हतं हो. वावगं झालं ते पुढे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नामा कोळी ऑफिसात आला. हा भाऊंचा जिवाभावाचा दोस्त. रविवारी सकाळी दोघं नामाच्या होडीवर बसून जगातल्या सगळ्या विषयांवर वाद घालायचे. कॉलेजातल्या विद्वानांशी कधी जमलं नाही, ते नामाशी जमलं होतं.

"भाऊ, उद्या फाटक खोल रं."

खोलतो म्हटलं असतं की झालं! पण समोर कमिटीची दोन माणसं बसली होती. भाऊंनी चष्मा सारखा केला. "नामा, एक अर्ज दे रीतसर. कमिटीपुढे ठेवतो."

"अर्ज? मस्करी करतंस काय?"

"नियम सगळ्यांना सारखा."

नामाचं हसू मावळलं. "बरं, चेअरमनसाहेब," म्हणाला आणि चालता झाला.

खरी गोम इथेच आहे. त्या 'साहेब'ने भाऊंना चटका बसायला हवा होता. बसला नाही. उलट कानाला गोडच लागला.

जेवताना भाऊंच्या पत्नी सरोजताईंनी सगळं ऐकलं आणि डाव खाली ठेवला. "अहो, नामाची बायको मंजुळा दरवर्षी आपल्याला करंज्या पाठवते, ती काय अर्ज मागवून?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, सरोज."

"तत्त्व कसलं? तोरा आहे नुसता!"

भाऊंनी आमटीची वाटी पुढे केली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँडचा आवाज आला, तसे किल्ली घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. मागून सरोजताईही आल्या. नामा येईल, एकदा 'भाऊ' म्हणून हाक मारेल, की आपण मोठ्या मनाने कुलूप काढायचं, असा भाऊंचा बेत. मोठ्या मनाचं हसूसुद्धा तयार होतं!

बँड जवळ आला आणि हळूहळू लांब जायला लागला. मिरवणूक हमरस्त्याने वळली होती. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, डोक्यावर नारळ घेतलेला नामा, सगळे ट्रक-डंपरच्या गर्दीतून वळसा घालून निघाले होते. बँड ऐकू येईनासा झाला तरी भाऊ फाटकाशीच उभे होते. आपण दोस्त गमावला, आणि तोही कशापायी? एका कुलपापायी! त्यांनी कुलूप काढलं आणि चिखलाच्या वाटेने खाडीकडे धाव घेतली. "अहो, पडाल!" म्हणत सरोजताई मागोमाग.

नारळ पाण्यात सोडून नामा नुकताच वर आला होता. भाऊंनी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. "चुकलो रे मी. जन्मभर लोकांना शिकवत राहिलो आणि स्वतः मात्र कोरडाच राहिलो. ही किल्ली आता तूच ठेव."

नामाने किल्लीकडे पाहिलं, भाऊंच्या चिखलाने भरलेल्या लेंग्याकडे पाहिलं आणि खदखदून हसला.

"नको रं भाऊ! माज्याकडं आली तं उद्या मी तुला अर्ज लिवाय लावीन."

'भाऊ' ऐकलं आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मंजुळाने पुढे होऊन हातावर करंजी ठेवली. सगळं कसं गोड झालं.

सरोजताईंनी हात पुढे केला. "आणा ती किल्ली इकडे. वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगते. कोळीवाड्यातलं कुणी आलं की उघडून देईल."

"हो, हो, घे ना," भाऊ म्हणाले.

म्हणाले खरे, पण मूठ काही लगेच उघडेना.