नानासाहेबांच्या जिभेवरची वस्ती

त्या गुरुवारी नानासाहेबांच्या पदरात बरंच पडणार होतं. पुतणी तनुजाचा साखरपुडा, नवऱ्यामुलाचे मामा बद्रीनाथ यांच्या शेजारचा मान, आणि जेवता जेवता त्यांच्या कानात आपल्या मुलाच्या, शिवमच्या, नोकरीचं बोलणं. बद्रीनाथ चितेगावच्या एका कारखान्यात माणसं भरतात. पण कानाशी लागायचं म्हणजे तोंड जवळ न्यावं लागतं. आणि त्या तोंडात, मित्रांनो, मी राहते.

मी जिवाणूंची एक जुनी वस्ती आहे. नानासाहेबांच्या जिभेच्या मागच्या अंगाला, भेगाभेगांतून माझा पसारा. तुम्हांला दिसतो तो नुसता पांढरट थर, आणि तो दिसला की तुम्ही नाक मुरडता. नानासाहेब पाळण्यात होते तेव्हा आईच्या पाप्यांतून माझे पूर्वज आत आले. तेव्हापासून प्रत्येक घासातलं थोडं मला मिळालं, पण मी फुकट खाल्लं नाही.

कांद्यातला, ढोबळ्या मिरचीतला, द्राक्षातला काही स्वाद बांधलेला असतो. जिभेला ती गाठ सुटत नाही. ती मी सोडते. मोकळा झालेला वास मग घशाच्या मागून नाकात चढतो, घास गिळल्यावर, सावकाश. माझा थर फार दाटला तर चव अडते, हेही खरं. मी लपवत नाही. लपवाछपवी माझ्या घरमालकाकडे.

या मागाहून येणाऱ्या चवीवर त्यांनी हर्सूलभर नाव कमावलं. भावकीत लग्न असो की बारसं, नानासाहेबांनी चाखल्याशिवाय आमटीचं पातेलं चुलीवरून उतरत नसे. दोन घोट घेऊन ते डोळे मिटत. मंडळींना वाटे, काय खोल विचार चाललाय. विचार कसला? माणूस माझी वाट बघत असे. मी गाठ सोडली की डोळे उघडून म्हणत, "कांदा कच्चा राहिला." राबणाऱ्या बाईचं तोंड एवढंसं होई. जन्मात एक कांदा चिरला नाही या माणसानं.

साखरपुड्याआधी त्यांची हिरडी सुजली. दाताच्या डॉक्टरांनी गुलाबी औषधी पाणी दिलं आणि बजावलं, "हिरडी बसली की बंद करा. यानं काही दिवस खारट कमी लागेल." नानासाहेबांनी मान डोलावली; मान डोलावणं त्यांना छान जमतं. हिरडी बसली. पण तनुजा एकदा हसत म्हणाली होती, "काका, तुमी बोलाया लागलात की मी मागं सरकते." झालं. चहाआधी चूळ, चहानंतर चूळ, वर तांब्याच्या पट्टीनं मला खरवडणं. माझ्या पिढ्या बेसिनमधून वाहून गेल्या. उरलेसुरले एका भेगेत दबून बसले.

तनुजाची आई चतुराबाई, म्हणजे नानासाहेबांची वहिनी. भाजलेल्या धान्यांचा येसर स्वतः कांडून तिनं आमटी केली होती. मुलाची आई म्हणाली होती, "आमटी पसंत पडली तर लग्नाचा स्वयंपाकही तुमच्याच देखरेखीखाली." त्या एका वाक्यावर चतुराबाई महिनाभर हवेत चालत होती.

नानासाहेब आले, दोन घोट घेतले, डोळे मिटले. भेगेतले आम्ही काय गाठ सोडणार? आणि खारट तर त्या गुलाबी पाण्यानं आधीच पुसून टाकलं होतं. ते वाट बघत राहिले.

"भाऊजी, झोप लागली का काय?" चतुराबाईनं विचारलं.

"अळणी हाय."

"असं कसं? मीठ घातलंय मी."

"मग घ्या की चाखून."

"गुरुवार हाय माझा, उपास."

"काका, मी चाखू का?" तनुजा पुढं झाली.

"नवरीनं साडी सांभाळावी."

चव लागत नाही, एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण मग चाखणारे नानासाहेब उरले कुठं? त्यांनी मूठभर मीठ टाकलं, चाखलं, मान हलवली, पुन्हा टाकलं.

पंगत बसली. बद्रीनाथांनी पहिला घास घेतला आणि हात ताटातच राहिला. तेवढ्यात एक सुगंधी तोंड त्यांच्या कानाशी आलं. "आमच्या शिवमचं जरा..."

"आधी पाणी सांगा हो."

पंगतभर तांबे फिरू लागले. नानासाहेबांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वहिनींचा हात जडच हाय मिठाला."

तनुजानं तोंड उघडलं. चतुराबाईनं तिचा दंड दाबला. लेकीच्या साखरपुड्यात दिराला खोटं पाडायचं, तेही सोयऱ्यांपुढं? "चुकला अंदाज माझा," ती म्हणाली, आणि पातेलं उचलून आत गेली.

मित्रांनो, जीभ स्वच्छ ठेवा, पण औषध डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. चव लागली नाही तर सरळ तसं म्हणा. त्यानं कुणाचं जेवण बिघडत नाही.

मी आता पुन्हा दाटले आहे. परवा एका बारशाला नानासाहेबांनी डोळे मिटले, आणि मी मुकाट्यानं गाठ सोडून दिली. मला दुसरं येतं काय? "कांदा कच्चा राहिला," ते म्हणाले.

तर त्या गुरुवारचा हिशेब असा झाला. माझ्या पिढ्या गेल्या. शिवम घरीच आहे. लग्नाचा स्वयंपाक मुलाकडच्यांनी बाहेरच्या आचाऱ्याला दिला, आणि आपल्याच लेकीच्या लग्नात चतुराबाई पाहुण्यासारखी खुर्चीवर बसली. नानासाहेबांचं काय गेलं? गुलाबी पाण्याची एक बाटली. तीही अर्धी शिल्लक आहे.