भुशातली अळंबी

दादा आरागिरणीत मोठ्या करवतीवर होता. इतकी वर्षं त्या यंत्रापाशी काढून दहाही बोटं शाबूत आहेत, याचा त्याला कोण अभिमान! ती गिरणी बंद पडली ती त्याच्या धाकट्या बहिणीमुळे. पण घरात हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच तिला जास्त टोचायचं.

धाकटी बुरशीची अभ्यासक. डोंगरावरच्या जुन्या रानात तिला एक अळंबी सापडली होती. टोपी शर्टाच्या बटणाएवढी, देठ केसासारखा. उन्हात वाळून पार काडी व्हायची, पण पाणी लागलं की मेलेलं माणूस उठून बसावं तशी टोपी उघडून पुन्हा बीजाणू सोडायला लागायची. एवढी चिवट, तरी धाकटीने अहवालात ठामपणे लिहिलं, ही फक्त जुन्या झाडांच्या पाचोळ्यातच जगते. त्या वाक्यावर रानातली झाडतोड थांबली. लाकूड येईना, तेव्हा मालकाने यंत्रं भंगारात काढली. दादा आता एका गोदामात खोकी चिकटवायचा.

एकदा तो म्हणाला, "चिमे, माझी कानस गिरणीतच राहिलीय. गाडी काढतेस?"

गिरणीमागे भुशाचा जुना ढीग भिजून काळा पडला होता. दादा कुलपाशी झटापट करत होता, तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. ढिगाच्या कडेने तीच बटणं, रानातही कधी दिसली नव्हती इतकी दाट. दादाची पावलं वाजली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने त्यांच्यावर बूट ठेवला.

"काय बघतेस?"

"काही नाही. चल."

बुटाला चिकटलेली टोपी तिने प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. शंकेला जागाच नव्हती. ओंडक्यांबरोबर बुरशीचे तंतू गिरणीत आले असणार, आणि पाचोळा नाही तर भुसा, म्हणून त्यांनी तिथेच संसार थाटला. तिने सगळं रान पालथं घातलं होतं, फक्त भावाच्या कामाच्या जागी कधी डोकावली नव्हती.

"विसरून जा," विभागप्रमुख म्हणाले. "रान वाचलं ना? मग कशाला उकरून काढायचं?"

पण ती दादाकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, बुटासकट.

दादा मग म्हणाला, "म्हणजे आमचा भुसा चालतो होय तिला?"

वहिनी ताटं पुसत होती. "मग गिरणी सुरू होणार का?"

"नाही, वहिनी. यंत्रंच राहिली नाहीत."

"मग आम्हाला कशाला सांगितलंस? तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून?"



धाकटीने अहवालाची दुरुस्ती छापली. सहकारी चार दिवस हसले. रानात इतरही दुर्मीळ जीव निघाले, म्हणून तोडीवरची बंदी तशीच राहिली. दादा तिला पूर्वीसारखाच चिमे म्हणतो, जेवायला बोलावतो. वहिनीही मनापासून वाढते.

"आणखी घ्या ना थोडं," ती म्हणते. आधी ती तिला अगं-तुगं करायची.