हरलेल्यासाठी एक जागा

सरकारने शेतं घेतल्यावर गोटीराम आणि पुतळाबाई या नवरा-बायकोने तळोज्याजवळच्या नावड्यात भाड्याने द्यायला चाळ बांधली. तिच्या टोकाच्या खोलीत सुमेधा राहायला आली, तेव्हा पुतळाबाईंना ती कोकणातलीच वाटली. नाव मराठी, खोलीत गणपती, फक्त बोलणं जरा पुस्तकी. मग कळलं, पोर मॉरिशसची. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून तिथल्या उसाच्या मळ्यात गेले होते आणि ती इथे फार्मसी शिकायला आली होती.

भाकऱ्या थापताना पुतळाबाई तिला जवळ बसवून घेत.

"तुमचा राजा कोन गं?"

"राजा नाही, मावशी. आधी इंग्लंडची राणी होती. ब्याण्णव साली आम्ही प्रजासत्ताक झालो. राष्ट्रपती आहेत, पण कारभार पंतप्रधान बघतात. संसदेत ज्याच्यामागे बहुमत, तो पंतप्रधान."

"ब्यान्नव? म्हंजे आमचा पोरगा तेजस तुज्या देशापेक्षा मोटा!" पुतळाबाई हसल्या. "आनि मानसं कुटली?"

"सगळीकडची. भोजपुरी, तमिळ, मराठी, मुसलमान, चिनी, आफ्रिकेतून आणलेल्यांची मुलं."

"मंग भांडनं नाय होत?"

"होतात की! म्हणून एक नियम आहे. एखाद्या समाजाचे लोक फार कमी निवडून आले, तर त्यांच्यातल्या हरलेल्यांपैकी ज्यांना चांगली मतं पडली, त्यांनाही संसदेत जागा मिळते."

"हरलेल्यांना?" पुतळाबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

चाळीत पाण्याची कमिटी होती. मोटर कधी चालू करायची, कुठल्या बाजूचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हे ती ठरवायची. बिऱ्हाडं जास्त मराठवाड्याची, त्याखालोखाल बिहारची. ओडिशाची दोनच, मागच्या बाजूला. तिथे राहणारा जयप्रकाश तळोज्याच्या कारखान्यात वेल्डर होता. तो दरवर्षी कमिटीला उभा राहायचा आणि पडायचा. त्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत टाकीत काही उरलेलं नसायचं.

त्या रविवारीही अंगणात हात वर झाले आणि जयप्रकाश पडला. लोक उठायला लागले, तशा पुतळाबाई म्हणाल्या, "बसा जरा. आमच्या सुमेधाच्या देशात हरलेल्यालाबी घेतात."

"हरलेल्याला घ्यायचं, तर निवडनूक कशाला?" गोटीराम म्हणाले.

"तुमी गप रहा. सुमेधा, सांग यांना."

सुमेधा गोंधळली, पण उभी राहिली. तिने नियम सांगितला आणि पुढे म्हणाली, "पण आमच्याकडे यावरून वादही आहेत. कित्येकांना वाटतं, देश एक आहे, तर आपण कुठल्या समाजाचे हे का मोजायचं?"

मग जयप्रकाशच उठला.

"मावशी, ओडिया म्हणून मला नको. मागच्या नळाचा म्हणून घ्या. मागे धम्मपालची बहीणपण राहते, ती तर लातूरची आहे. तिलापण पाणी मिळत नाही."

कमिटीत पुन्हा निवडून आलेला धम्मपाल चपापला. बहिणीकडे बघत त्याने मान हलवली. "बरोबर आहे. मागच्या नळाचा एक माणूस पायजेच."

या वेळी गोटीराम सोडून सगळ्यांचे हात वर झाले.

पहिल्याच मीटिंगमध्ये जयप्रकाशने मुद्दा काढला. मालकीणबाईंच्या अळवाच्या वाफ्याला टाकीवरून थेट पाइप जातो आणि तो सगळ्यांच्या आधी सुरू होतो. तो बंद करावा. मतं घेतली गेली आणि पाइप बंद झाला.

पुतळाबाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. सुमेधा भीत भीत चहा घेऊन गेली.

"मावशी, रागावलात?"

"रागवू नको तं काय! मीच आत घेतला आनि माज्याच अळवावर उठला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमच्याकडंबी असंच करतात का गं?"

"नेहमी."

पुतळाबाईंना हसू आवरेना. त्यांनी बादली उचलली आणि अळवासाठी पाणी आणायला मागच्या नळाकडे निघाल्या. तिथे नळ वाहत होता. जयप्रकाशची बायको हंडा भरत होती. पुतळाबाईंना पाहून ती बाजूला सरकली.

"भर, भर," पुतळाबाई म्हणाल्या. "मी थांबते."