जादाचे दिवस

तीन दिवस स्वयंपाकघरातलं टेबल नकाशांनी अडवलं होतं, आणि तीन दिवस हिल्का ओट्याशी उभी राहून जेवत होती. मिस्कवा नदीचे पाच नकाशे एकाला एक जोडून पसरलेले. त्यांच्या कोपऱ्यांवर साखरेचा डबा, मिठाची बरणी, वेन्डलच्या चष्म्याचं घर आणि अंगणातून आणलेला एक दगड. ओव्हनचं दार लाकडी चमचा अडकवून किंचित उघडं ठेवलेलं, आणि आत मूस हरणाच्या मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या. सगळ्या घराला त्यांचा वास लागला होता, पडद्यांनासुद्धा.

दहा सप्टेंबरला वेन्डल आणि त्याचा मित्र क्लेटन नदीवर जाणार होते. हिल्काचा धाकटा भाऊ ताउनो त्यांना आणि त्यांच्या हिरव्या होडीला आपल्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून वरच्या तळ्यावर उतरवणार, आणि अठरा दिवस वल्ही मारत ते खाली रेल्वेच्या पुलापाशी निघणार. तिथं हात दाखवला की गाडी थांबते. गेली बावीस वर्षं दर शरद ऋतूत हेच चाललं होतं.

"हा घे कागद," वेन्डल म्हणाला.

नदीवर जाणाऱ्यानं मागं एक कागद ठेवून जायचं, आणि तो घरच्या माणसानं सांभाळायचा. किती जण, होडीचा रंग कोणता, मुक्काम कुठं कुठं, बाहेर निघायचा दिवस कोणता. आणि सगळ्यात खाली जादाचे दिवस, म्हणजे इतके दिवस वाट बघायची आणि मग पोलिसांना फोन करायचा. ताउनो तर अशा कागदाशिवाय कुणालाच विमानात पाऊल ठेवू देत नसे. बावीस वर्षं वेन्डलचा कागद हिल्कानं सांभाळला होता, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली.

तिनं कागद वाचला. शेवटच्या ओळीवर थांबली.

"दहा?"

"दहा."

"दर वर्षी तीन असतात."

"म्हणून तर या वर्षी दहा." वेन्डलनं नकाशावरून मान वर केली नाही. "वारा सुटतो, पाऊस धरतो, माणूस चार दिवस तंबूत बसून राहतो. दर वेळी विमानं पाठवायची नसतात."

"एकच विमान होतं."

"एकच होतं, पण गावानं अजून सोडलेलं नाही मला. काल खिळे आणायला गेलो तर रॉस काउंटरमागून काय म्हणाला माहितीय? ‘वेन्डल, दुकानात आलायस हे बायकोला ठाऊक आहे ना? नाहीतर विमान यायचं.’ पाच जण हसले. चाळीस वर्षं मी लोकांना नदी दाखवतोय, हिल्का. अर्ध्या गावाला वल्हं धरायला मी शिकवलं."

हिल्का गप्प बसली. गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून तिनं या बाबतीत गप्पच बसायचं ठरवलं होतं. निघायचा दिवस अठ्ठावीस सप्टेंबर, जादाचे तीन दिवस, आणि दोन ऑक्टोबरला सकाळी तिनं पोलिसांना फोन केला होता. जसं लिहिलं होतं अगदी तसंच. शोधायला ताउनो विमान घेऊन गेला होता. सात तारखेला दोघं गाडीतून हसत उतरले. वारा होता, थांबलो, एवढा गाजावाजा कशाला, असं वेन्डल फलाटावरच चारचौघांसमोर म्हणाला. आणि तिनं त्याची माफी मागितली होती. घाबरले रे, असं म्हणाली होती.

क्लेटन तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पाच ठेवूया ना. मधलं काहीतरी."

क्लेटन शाळेत शिकवायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बोलण्याआधी तो अजून घसा खाकरायचा, आणि वर्गात दंगा सुरू होईल अशी भीती वाटल्यासारखा इकडंतिकडं बघायचा. होडीत तो पुढं बसे आणि वेन्डल मागं. जो मागं बसतो तो होडी वळवतो, आणि क्लेटनच्या बाबतीत हे जमिनीवरही खरं होतं.

"दहा," वेन्डल म्हणाला. "चल, होडीचं ठिगळ बघू. वाळलं असेल."

"ओट्स किती घ्यायचे ते राहिलं," हिल्का म्हणाली. "गेल्या वर्षी पुरले होते का?"

"माझ्या वहीत सगळं आहे." क्लेटननं खिशातून काळ्या पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. "शेवटच्या पानांवर यादी आहे बघ. ओट्स, पीठ, चरबी, चहा." आणि तो वेन्डलच्या मागोमाग अंगणात गेला.

वही कधीतरी भिजून वाळली होती. पानं एकमेकांना चिकटलेली. हिल्कानं सुरीच्या टोकानं ती सोडवायला घेतली, आणि यादीऐवजी दुसरंच पान उघडलं. क्लेटनचं अक्षर फळ्यावरच्यासारखं, वळणदार.

‘३ ऑक्टोबर. सकाळपासून पाऊस, मग बर्फाची भुरभुर. गुडघ्याची सूज उतरली. होडी उलटली तेव्हा गेलेली खाण्याची पिशवी पुन्हा शोधली, नाही मिळाली. अकराच्या सुमारास ताउनोचं विमान आलं. वे. म्हणाला, विस्तव विझव. मी किटली ओतली. होडी झाडांखाली ओढली. विमान वळून परत आलं, फार खालून गेलं. मग उत्तरेकडं निघून गेलं. दुपारी चहा नाही.’

तिनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून, एकेक शब्द.

तीन ऑक्टोबरला अकरा वाजता ती याच खिडकीशी बसली होती. त्याच दुपारी ताउनोनं उत्तरेच्या एका बिननावाच्या तळ्यावर विमान उतरवलं, कारण पंखांवर बर्फ धरायला लागला होता. उतरताना विमानाखालचा पोकळ तरंगा खडकावर फाटला. विमान बुडू नये म्हणून तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून आपला कोट त्या भोकात कोंबत बसला. दुसऱ्या दिवशी त्याला आणलं तेव्हा त्याची छाती भरली होती. तीन आठवडे तो इस्पितळात होता. आणि त्या तीन आठवड्यांत हिल्का रोज त्याच्या खाटेशी बसून एकच विचार करत होती, की मी तो फोन उगीच केला.

तिनं वहीत सुरी खुणेला ठेवली आणि ती अंगणात गेली.

होडी दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली होती. वेन्डल ठिगळावर पॉलिश पेपर घासत होता.

"किटली कुठली होती?" हिल्का म्हणाली.

"काय?"

"विस्तवावर ओतली ती. मोठी की छोटी? नाही, मी यादी करतेय ना. या वर्षी विस्तव विझवायला कुठली देऊ?"

क्लेटनचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं घसा खाकरला आणि इकडंतिकडं बघितलं.

वेन्डलनं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "क्लेटन, तू हे लिहिलंस?"

"मी सगळंच लिहितो, वेन्डल."

"त्याच्याकडे काय बघतोस?" हिल्काचा आवाज चढला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "त्यानं लिहिलं, पण केलं कुणी? तुमची होडी उलटली होती. खायला नव्हतं. माझा भाऊ बर्फात तुम्हाला शोधत डोक्यावरून गेला, आणि तू झाडाखाली लपलास? चोर आहेस का तू? सशासारखा लपलास?"

"आम्हाला काही झालं नव्हतं. दोन-चार दिवसांत निघणारच होतो."

"मग धूर राहू द्यायचा होतास. त्यानं पाहिलं असतं आणि घरी गेला असता."

"आणि गावात काय सांगितलं असतं त्यानं? वेन्डलची होडी उलटली? ज्या खळाळापाशी होडी खांद्यावर घेऊन चालत जा, असं मी पोरासोरांना सांगतो, तिथंच? बायकोच्या भावानं उचलून आणला?"

"तू हसत उतरलास गाडीतून. आणि मी माफी मागितली तुझी." हे म्हणताना तिला इतकी लाज वाटली की तिनं होडीवर हात आपटला. "फलाटावर! आणि तू म्हणालास, जाऊ दे. मोठ्या मनानं म्हणालास, जाऊ दे!"

वेन्डल ठिगळावरची धूळ अंगठ्यानं पुसू लागला.

"हिल्का, मी तेव्हाच सांगायला हवं होतं," क्लेटन म्हणाला. "रोज वाटायचं."

"तू गप्प बस. तू अकरा महिने माझ्या घरी सूप पितोयस."

चार वाजता ताउनो सामानाचं वजन करायला यायचा होता, आणि तो आला. काटा काखेत, दारातच खोकत. हा खोकला आता कायमचाच होता. "काय रे, मूस वाळला की तुम्हीच वाळलात? चेहरे बघा!" मग त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि काटा हळूच खाली ठेवला.

"बस," हिल्का म्हणाली. "क्लेटन वाचून दाखवणार आहे. वाच, क्लेटन. शाळेत वाचायचास तसं, मोठ्यानं."

क्लेटननं वाचलं. ‘किटली’ या शब्दापाशी त्याचा आवाज फाटला, तेव्हा हिल्का म्हणाली, "पुढं." त्यानं पुढचं वाचलं.

ताउनो नकाशावर वाकला. मग त्यानं बोट ठेवलं. "इथं होतात?"

"थोडं खाली," वेन्डल म्हणाला.

"या वळणावर. बरोबर." ताउनो मान हलवत राहिला. "मला धूर दिसला होता. इतकासाच. म्हणून वळलो, खाली आलो, आणि तिथं काहीच नाही. मला वाटलं, धुकं असेल. पण धुकं असं सरळ वर जात नाही, हे मला कळत होतं." तो बहिणीकडं वळला. "तुला सांगितलं नाही मी. इस्पितळातून सुटल्यावर शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, डोळे उत्तम आहेत. मग घाबरलो, म्हटलं डोक्यातच काहीतरी झालंय. नसलेलं दिसणाऱ्या माणसानं लोकांना विमानात बसवू नये. हिवाळाभर उडालो नाही. विमान विकायला काढलं होतं, दोन माणसं बघूनही गेली."

ओव्हनमधून चरबीचा थेंब पडल्याचा चर्र आवाज आला. कुणी उठलं नाही.

"चुकलं माझं," वेन्डल म्हणाला.

"कुणाला सांगतोयस?" हिल्का म्हणाली. "नकाशाला?"

वेन्डलनं मान वर केली. त्याला फार वेळ लागला. "ताउनो, चुकलं माझं."

"ऐकलं." ताउनोनं काटा उचलून काखेत घेतला. "दहा तारखेला सकाळी सातला धक्क्यावर या. सोडून येणं हा माझा धंदा आहे, सोडीन. शोधायची वेळ आली तर दुसऱ्याला बोलवा. मी येणार नाही." आणि वजन न करताच तो गेला. अंगणात त्याचा खोकला ऐकू आला, मग गाडीचं दार.

वेन्डलनं टेबलावरचा कागद पुढं सरकवला. "तू जादाचे दिवस लिही. म्हणशील तितके."

"मी हा सांभाळणार नाही."

"हिल्का..."

"हा मी कशाच्या भरवशावर सांभाळू? मी फोन करीन, कुणीतरी जीव धोक्यात घालून येईल, आणि तू किटली ओतशील. वर गावात सांगशील, बायको भित्री आहे. अकरा महिने मी त्या दुकानात जात नाही, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? पीठ मी वीस मैलांवरून आणते."

वेन्डलला हे खरोखरच ठाऊक नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं, आणि तिला आणखी राग आला.

"उद्या रॉसच्या दुकानात जायचं," ती म्हणाली. "सकाळी, सगळे कॉफीला असतात तेव्हा. आणि सांगायचं. होडी उलटली, विमान ऐकलं, विस्तव विझवला. त्यानंतर कागदाचं बोलू. नाहीतर दुसरा कुणी शोध कागद सांभाळायला."

"तिथं? सगळ्यांसमोर?"

"फलाटावर सगळ्यांसमोरच बोलला होतास."

"मीही येतो," क्लेटन म्हणाला.

"तू तर आधी आत जा."

दुसऱ्या दिवशी तिनंच गाडी चालवली. दुकानासमोर थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, काच वर केली. दोघं उतरले. क्लेटन खरोखरच आधी आत गेला.

खिडकीत बियाण्यांची पाकिटं आणि बर्फ ओढायची फावडी लावलेली होती. त्यांच्या मधून तिला काउंटर दिसत होता. तिथं सहा जण होते. रॉसनं काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. काय म्हटलं असेल ते तिला इथून ऐकू न येताही कळलं. वेन्डलनं टोपी काढली. तो बोलत होता, टोपी हातात फिरवत. कुणीतरी पुन्हा हसायला लागला आणि थांबला. मग रॉसनं कप खाली ठेवला. सगळ्यात म्हातारा होता तो हळूच वळला आणि खिडकीतून बाहेर, थेट तिच्या गाडीकडं पाहू लागला. हिल्कानं नजर हटवली नाही. आधी नजर खाली घातली ती त्यानंच.

वेन्डल परत येऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. क्लेटन मागं बसला.

"सांगितलं," वेन्डल म्हणाला.

"दिसलं."

तिनं पिशवीतून कागद काढला, स्टिअरिंगवर ठेवला. पेन्सिलीनं दहा खोडून तीन लिहिलं, इतकं दाबून की कागद थोडा फाटला.

"तीन," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन."

"सहाला कोण उचलणार, हिल्का?"

"उचलतात. गेल्या वर्षी मी आठपर्यंत थांबले, उगीच लोकांची झोप नको मोडायला म्हणून." तिनं गाडी मागं घेतली. "तेवढीच एक चूक झाली माझी."