सोमवारचा ट्रे

वळण संपायच्या आधीच कप्तान दार उघडायला लागला, तेव्हा वकिलानं त्याला एक शिवी हासडून गाडी कडेला घेतली. खाली समुद्र पसरला होता. सकाळचं ऊन, कड्यावरचं वाळलेलं गवत, दूर टोकाला पांढरं दीपगृह, सगळं जागच्या जागी होतं. दर वर्षी याच वळणावर याला समुद्र नव्यानं सापडतो, असं वकील म्हणाला. कप्तान हसला, खाली उतरला आणि चार पावलं चालून बॉनेटला टेकून उभा राहिला.

वकील म्हणजे काही कोर्टातला वकील नव्हता. त्याचं नळाच्या सामानाचं दुकान होतं, पण दिवसातून एकदा गिऱ्हाइकाशी वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. कप्तान एका छापखान्यात होता. शाळेच्या संघाची कप्तानी सुटून पस्तीस वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि मागच्या सीटवर थेंब्या. सत्तावीस वर्षं एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. लोकांच्या रक्ताच्या थेंबावर याचं पोट चालतं म्हणून या दोघांनीच त्याला ते नाव दिलं होतं.

"दम लागतोय रे," कप्तान म्हणाला. "वय झालं."

हसताना त्याच्या हिरडीला बारीक लाल रेघ दिसली. थेंब्यानं ती पाहिली आणि तो समुद्राकडे बघायला लागला.

आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी कप्तान स्वतःच लॅबमध्ये आला होता. तीन आठवडे थकवा आहे, अधूनमधून ताप येतो, घरी बायको ऐकत नाही, एकदाचं रक्त घेऊन टाक म्हणाला. थेंब्यानं सुई टोचताना नेहमीसारखी थट्टा केली. चार वाजता स्लाइड भिंगाखाली धरली आणि त्याचं बोट मोजता मोजता थांबलं. रक्ताच्या कॅन्सरच्या असल्या पेशी त्यानं नोकरीत पन्नासेक वेळा तरी पाहिल्या असतील. पुन्हा मोजलं. प्लेटलेट बारा हजार. निदान दीड लाख तरी हव्यात.

अशी स्लाइड दिसली की ती लगेच डॉक्टरबाईंना दाखवायची आणि पेशंटच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन करायचा, हा लॅबचा नियम. नव्या मुलींना तो थेंब्यानंच शिकवलेला. बाई पर्स उचलून निघाल्याच होत्या, दारातून त्यांनी विचारलं, काही राहिलंय का? थेंब्या नाही म्हणाला. मग त्यानं स्लाइड सोमवारच्या ट्रेमध्ये ठेवली आणि कप्तानाला फोन करून सांगितलं, मशीन बंद पडलंय, सोमवारी देतो.

त्यानं स्वतःची समजूत घातली होती. एकदा रिपोर्ट बाहेर पडला की मग दवाखाना, सलाइन आणि घरच्यांचे रडवेले चेहरे. समुद्र पुन्हा दिसतो की नाही कोण जाणे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मित्राला दोन दिवस द्यायला काय हरकत आहे? त्याला ते फार मोठ्या मनाचं वाटलं होतं. खरी गोष्ट अशी की थेंब्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. वर्षाचे तीनशे त्रेसष्ट दिवस लॅब आणि एक खोली, आणि उरलेले दोन दिवस या दोघांबरोबरची ही समुद्राची सहल. ते हातचे जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

दुपारी बाराच्या सुमारास ते दीपगृहाखालच्या किनाऱ्यावर पोचले. ओहोटी लागली होती. अनवाणी खडकांवरून चालत शेवटच्या सपाट खडकापर्यंत जायचं, हा त्यांचा जुना हट्ट. खडकांना धारदार कडांचे शिंपले चिकटलेले असत. दर वर्षी कुणाचा तरी पाय कापायचा आणि मग त्याची वर्षभर टिंगल व्हायची.

कप्तानानं वाळूत बसून बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. घोट्यापासून पिंढरीपर्यंत मोहरीएवढे लाल ठिपके उठले होते. नडगीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. बारा हजार हा आकडा थेंब्यानं आजवर कितीदा लिहिला असेल. पण तो आकडा अंगात घेऊन खडकावर निघालेला माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता.

"नको जाऊस," तो म्हणाला.

कप्तानानं ते हसण्यावारी नेलं आणि पहिल्या खडकावर पाय ठेवला. थेंब्या धावला आणि त्यानं त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. मग तिथेच, धड तोंडही वर न करता, त्यानं सगळं सांगून टाकलं. पेशी, प्लेटलेट, आजाराचं नाव. कापलं तर रक्त थांबायचं नाही, हेही.

कप्तान खाली बसला. बराच वेळ तो पायाची वाळू झटकत राहिला, मग त्यानं मोजे चढवले.

"कधी कळलं तुला?"

"काल. चार वाजता."

"आणि मशीन?"

"मशीन चालू होतं."

वकिलानं खिशातून गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"बायको येऊ देत नव्हती," कप्तान म्हणाला. "मी तिला म्हटलं, काही असतं तर थेंब्यानं सांगितलं नसतं का? तुझ्या नावावर निर्धास्त झोपली ती काल."

"तुझ्यासाठीच केलं रे."

"नाही. तुला यायचं होतं."

तो रागानं म्हणाला असता तर थेंब्याला बरं वाटलं असतं. तो खरं तेच म्हणाला होता.

जवळचं मोठं इस्पितळ बंदराच्या गावात, चाळीस मिनिटांवर. वकिलानं रस्त्यातला एकेक खड्डा चुकवत, मांडीवर काचेचं सामान असल्यासारखी गाडी नेली. पुढच्या सीटवरून कप्तानानं बायकोला फोन केला. घाबरू नकोस, एवढं तो चार वेळा म्हणाला. थेंब्याचं नाव त्यानं घेतलं नाही. मागच्या सीटवर थेंब्याला वाटलं, घेतलं असतं तर बरं.

इस्पितळात रक्त घ्यायला एक तरुण मुलगी आली. आधी काही तपासणी झाली आहे का, असं तिनं विचारलं. थेंब्यानं काल दुपारचे सगळे आकडे तोंडपाठ सांगितले. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हा फोन कालच जायला हवा होता, काका. स्लाइड कुणी बघितली?"

"मी."

नळ्या भरून झाल्या, सुई निघाली. तिनं कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा ठेवला, घट्ट दाबून धरा म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला जवळजवळ धावतच गेली.

थेंब्यानं अंगठा दाबला. एरवी दोन मिनिटं पुरतात. पाच मिनिटं झाली. बोळा लाल झाला, त्यानं दुसरा घेतला.

"तू जा बाहेर," कप्तान भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "वकील धरेल."

"त्याला जमायचं नाही."

कप्तानानं तोंड वळवलं नाही, पण हातही काढून घेतला नाही. दहा मिनिटांनी थेंब्यानं बोळा जरासा उचलून पाहिला. खालून रक्त पुन्हा वर आलं. त्यानं नवा बोळा घेतला आणि अंगठा ठेवला.