लवणाबाईची समाप्ती

माझी कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा पुण्याच्या एका मासिकानं तिची दखल घेतली. 'साभार पोच' या सदरात. नाव, पृष्ठसंख्या आणि किंमत, तिन्ही बिनचूक होती. त्यानंतर दीड वर्ष तिच्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. मग एका श्रावणात माझ्या मेव्हण्याचं, जानेफळच्या पंजाबरावांचं, कार्ड आलं.

'भाऊजींस नमस्कार. पाऊसपाणी ठीक. मारुतीच्या देवळात तुमची पोथी लागली आहे. शेवटचा अध्याय छापायचा राहून गेलेला दिसतो. समाप्ती सोमवारी. तरी अध्याय घेऊन येणे.'

मी अकोल्याला कॉलेजात मराठी शिकवतो. कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. अध्याय राहिला नव्हता. कादंबरीचा शेवट खुला होता. त्या खुल्या शेवटावर मी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घालवली होती.

कादंबरी लोणारच्या लवणासुरावर. आमच्याकडे पोराटोरालाही ती कथा ठाऊक असते. लवणासुर जमिनीखाली दडून बसायचा, वर झाकण. देव त्याला मारायला आले, पण दार सापडेना. मग देवांनी देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींना भुलवलं आणि त्यांच्याकडून जागा काढून घेतली. झाकण उडालं, असुर मेला आणि त्या खड्ड्याचं तळं झालं. देवाचं देऊळ झालं. बहिणींचं पुढं काय झालं, ते विचारायला कोणाला सवड झाली नाही. मी विचारलं. धाकटीला 'लवणिका' असं नाव दिलं, तिच्यात आधुनिक माणसाचं एकाकीपण ओतलं आणि तिला तळ्याच्या काठावर उभी करून पुढं तीन टिंबं दिली.

रविवारी दुपारी एसटीतून उतरलो तर पंजाबराव छत्री घेऊन हजर.

"आनला का अध्याय?"

"अहो पंजाबराव, अध्याय नाहीच आहे. शेवट खुला आहे."

"खुला कसा? बंद करायले काय झालं होतं?"

वाटेत त्यांनी खुलासा केला. नेहमीची पोथी या वर्षी लवकर संपली आणि श्रावण उरला. चौरंग रिकामा ठेवायचा नाही. मग माझ्या सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी, जवायाचं पुस्तक ट्रंकेतून काढून दिलं. आपल्याच भागातल्या असुराचं आहे, देवही त्यात आहेत, म्हणून पोथी सांगणाऱ्या उकंडरावांनी ते लाल कापडात बांधून चौरंगावर ठेवलं. त्यापुढे रोज उदबत्ती, रोज नारळ. पुस्तकावर इतका खर्च प्रकाशकानंही केला नव्हता.

संध्याकाळी देवळात गेलो. उकंडराव साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांना एकच चाल येते आणि त्या चालीत ते ओवीही म्हणतात नि तहसीलची नोटीसही. माझं 'तिच्या अस्तित्वाला आता कोणताही संदर्भ उरला नव्हता' हे वाक्य त्यांनी असं काही लांबवलं की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग त्यांनी अर्थ सांगितला: "म्हंजे लवणाबाईले आता कोनी पुसत नव्हतं, बाप्पा."

मी ते वाक्य चार वेळा पुन्हा लिहिलं होतं. पाचव्यांदा लिहायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. बहिणीचा विषय निघाला की बाया खांबाजवळ बसलेल्या एका बाईकडे बघायच्या. पन्नाशीची, अंगानं बारीक, मान खाली. आणि पुरुष दाराशी बसलेल्या एका पांढऱ्या पटक्याकडे बघायचे. पटका भिंतीकडे बघायचा.

परतताना मी विचारलं.

"तुमाले मालूम नाई?" पंजाबराव मधेच थांबले. "मंग लेहलं कसं? सारं गाव म्हणते, जवाईबापूनं मंजुळाबाईचं लेहलं."

मग त्यांनी सांगितलं. मंजुळाबाई आणि पटकेवाले रंगराव सख्खी भावंडं. सासर-माहेर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. सरकार घरोघरचं धान्य सक्तीनं उचलायचं, त्या लेव्हीच्या दिवसांत गाव तरोट्याचा पाला उकडून खात होतं. रंगरावांनी गोठ्यात, शेणाखाली, ज्वारीचं पेव दडवलं होतं. अधिकारी आला, सारा वाडा उचकला, पेव सापडेना. मंजुळाबाईनं गोठ्याकडे बोट दाखवलं. झाकण निघालं. ज्वारी गावात वाटली, गावानं ती खाल्ली आणि रंगरावांना भर गावातून दोर बांधून मेहकरला नेलं.

"अधिकारी देखणा होता का?" माझ्यातल्या कादंबरीकारानं विचारलं.

"छ्या! तंबाखूनं दात काळे. तिनं त्याच्याकडे पाह्यलंबी नसन. तिनं लेकरांकडे पाह्यलं."

रंगराव सुटून आले तेव्हापासून भावाचं दार बहिणीला बंद. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते, भाऊ हाकेवर असताना. आणि आता मार्गशीर्षात तिच्या पोरीचं लग्न. मांडवात पोरीच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा. गावात दुसरं काही बोललंच जात नव्हतं: मामा येते का नाई येत?

मला लवणिकेत आधुनिक माणूस दिसला होता. जानेफळला मंजुळाबाई दिसली. जानेफळची नजर चांगली आहे.

सोमवारी सकाळी समाप्तीला देऊळ भरलं. उकंडरावांनी शेवटचं पान वाचलं. 'ती तळ्याच्या काठावर उभी होती.' मग त्यांनी चष्मा वर केला.

"पुढं टिंबं हायत. जवाईबापू, हे कसं म्हनू?"

"ते म्हणायचं नसतं. तिथं वाचकानं विचार करायचा असतो."

"केला. आता सांगा."

"तिला माहेर उरलेलं नाही, उकंडराव. तेच तर सांगायचंय."

खांबामागून सासूबाई बोलल्या. जावयाशी त्या कधी थेट बोलत नाहीत, म्हणून मारुतीला उद्देशून बोलल्या. "माहेर नाई म्हणून बाईले तशीच काठावर ठेवते का कोनी? दीड वर्ष झालं म्हणते पुस्तकाले. पाय दुखत नसतीन तिचे?"

बाया हसल्या. मंजुळाबाई हसली नाही.

"बाईच्या पोथीले समाप्तीला माहेरचं लुगडं चढते," उकंडराव म्हणाले. "त्याबिगर कापड बांधता येत नाई. रुक्मिणीच्या टायमाले आपन सारे तिचे माहेरवाले झालो होतो. आता असुराच्या बहिणीचं माहेर कोन होते ते बोला."

देवाचं माहेर व्हायला गाव एका पायावर तयार असतं, असुराचं म्हटलं की सगळ्यांना पीक आठवतं.

रंगराव उठले आणि बाहेर गेले. दाराशी कोणीतरी म्हणालं, "गेला. लागलं त्याले." मंजुळाबाईनं पदर तोंडाशी धरला. मी त्या तीन टिंबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

नारळ फोडायचा खोळंबला होता. तेवढ्यात रंगराव परत आले. काखेत घडी न मोडलेलं हिरवं लुगडं. ते त्यांनी चौरंगावर, माझ्या कादंबरीवर ठेवलं आणि कादंबरीशीच बोलले.

"लवणाबाई, तू बोट दाखवलं त्याचा राग नव्हता. दोर बांधून नेलं तवा सारं गाव पाहाले उभं होतं. तू नव्हती. त्याचा राग होता."

मंजुळाबाई जागची हलली नाही. तीही कादंबरीलाच म्हणाली, "लवणाबाई, सांग त्याले. मी गोठ्यात बसली होती. त्या उघड्या पेवापाशी. मले कोनत्या तोंडानं बाहेर येता येत होतं?"



प्रथेप्रमाणे पोथीचं लुगडं वाचणाऱ्याच्या घरी जातं. उकंडरावांनी ते उचललं, उलटंपालटं केलं. "आमच्या म्हातारीले हिरवा रंग खपत नाई," ते म्हणाले. त्यांची म्हातारी समोरच बसली होती, हिरव्या लुगड्यात. ती म्हणाली, "हाव, खपत नाई." मग त्यांनी लुगडं मंजुळाबाईपुढे धरलं.

"ज्यानं आनलं त्याच्या हातून घेईन," ती म्हणाली.

रंगरावांनी लुगडं घेतलं. तिच्यापुढे गेले. पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"लग्न कवा हाय पोरीचं?"

"साऱ्या गावाले मालूम हाय."

"मले कोनं सांगतलं?"

"तुहं दार बंद होतं."

"मंग आज ये सांगाले. अक्षत घेऊन ये. दार लावत नाई मी."

तिनं ओटी पसरली. नारळ फुटला. मागून पंजाबरावांनी मला ढोसलं. "भाऊजी, झाला अध्याय. लेहून घ्या. पुढच्या खेपेले राहून जाईन."

मी चौरंगापाशी गेलो. शेवटचं पान उघडंच होतं. सासूबाईंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं. माझ्या तिन्ही टिंबांवर एकेक बोट, नेमकं. आता तिथं टिंबं दिसत नव्हती.

ती प्रत मी परत मागितली नाही. ती लाल कापडात, मारुतीच्या कोनाड्यात आहे. दुसरी आवृत्ती निघण्याची लक्षणं नाहीत, म्हणून राहिलेला अध्याय इथं लिहून ठेवला. त्यात माझा शब्द एकही नाही, हे त्याचं भाग्य. मार्गशीर्षात लग्नाला गेलो. पोरीच्या पाठीशी पांढरा पटका ताठ उभा होता. लवणाबाईच्या माहेरचा माणूस म्हणून रंगरावांनी मलाही मानाची टोपी घातली. थोडी घट्ट होते, पण मी ती घालतो.

जानेफळकरांचं कार्ड मिळालं होतं. त्याची ही साभार पोच.