माझी कोरी पाती

साहेब, तुम्ही खोटे लिहिले आहे. चुकून नाही, गैरसमजाने नाही. डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून, मग मालकाच्या खुर्चीत बसून चहा पीत खोटे लिहिले आहे. त्या कागदाने एका बाईचा हक्क मारला. मी ते विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

मित्रांनो, दचकू नका. ओरडतोय तो मी, गाद्यांच्या कारखान्याच्या भिंतीत बसवलेला जुना पंखा. वारा घालणारा नव्हे, आतली घाण हवा ओढून बाहेर फेकणारा. गार वारा नि दुपारची झोप अशी गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या पंख्याकडे जा.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने जुळवले. माझी चारही पाती त्याने हातावर तोलली, एकाला कानस मारली, पुन्हा तोलली. मग म्हणाला, "बेट्या, पोटभर धूळ खा. तू मळलास तरच आतली माणसं धड राहतील." माझ्या आयुष्यात मला मिळालेला खरा उपदेश तेवढाच.

मालकाने मला दारासमोर बसवले, कापूस पिंजण्याच्या यंत्राच्या थेट डोक्यावर. तपासणीचे साहेब आत शिरताच पहिली नजर माझ्यावर पडावी, एवढाच त्यामागचा हिशेब. पहिल्या दिवशी मी जीव तोडून फिरलो. पांढरी धूळ झरझर बाहेर गेली, बायकांनी तोंडावरची फडकी सोडली, कोणीतरी गुणगुणलेसुद्धा. संध्याकाळी मुकादमाने पिंजलेला कापूस काट्यावर चढवला आणि गुणगुणणे थांबले. वजन कमी भरले होते. इथे मजुरी वजनावर असते, मित्रांनो. धुळीबरोबर मी हलका, चांगला पिंजलेला कापूसही बाहेर फेकला होता.

"हा मेला आपल्याच ताटातलं ओढतो," थोरली म्हणाली आणि तिने माझे बटण बंद केले.

थोरली म्हणजे यंत्रावर बसणाऱ्या दोन जावांपैकी मोठी. हात चलाख, जीभ त्याहून. तिने मला बंद केले, पण गप्प बसली नाही. मुकादमाला म्हणाली, "पंखा यंत्रापासून लांब, त्या कोपऱ्यात हलवा, नाहीतर आम्हाला रोजावर ठेवा. मग फिरवा की दिवसभर!"

"मालकांच्या कानावर घालतो," मुकादम म्हणाला. अकरा वर्षे झाली. मालकांचे कान एवढे खोल आहेत की ते वाक्य अजून तळाला पोहोचलेले नाही.

मी फक्त तपासणीच्या दिवशी फिरायचो. बाकीचे दिवस मुकादम मला गोणपाटाने झाकून ठेवायचा आणि त्याआडून मी दोन जावांना खोकताना ऐकायचो. सुट्टीनंतरचा पहिला दिवस सर्वांत वाईट. एक दिवस साध्या हवेची सवय झालेली छाती दुसऱ्या दिवशी धूळ दिसताच आवळून यायची. थोरली यंत्राला धरून उभी राहायची. मुकादम हसायचा, "सुट्टी चढली वाटतं बाईंना!"

"तुमची उतरवते, या इकडे," ती म्हणायची. पण वाक्य संपवायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागायचा.

मग ती दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी धाकटीने विचारले, "काय म्हणाला डॉक्टर, जाऊबाई?"

"हवेशीर घरात राहा, धुळीपासून लांब राहा, दूध-फळं खा, आराम करा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, डॉक्टर, हा कागद मालकाच्या नावानं लिहा. सगळं त्याच्याच घरी आहे."

दोघी हसल्या. हसता हसता थोरलीला ढास लागली ती थांबेना. त्यांच्या खोलीत सहा माणसे नि एकही खिडकी नाही, हे मला त्यांच्याच बोलण्यातून ठाऊक होते. म्हणजे इथली हवा अशी, घरची तशी. चांगली हवा तिला फक्त रस्त्यावर मिळायची, येता-जाता.

पुढे तिला तीन पायऱ्या चढवेनात. मालकाने तिला घरी बसवले. तिने आजारपणाच्या भरपाईचा अर्ज केला आणि चौकशीला तुम्ही आलात, साहेब.

मी फिरत होतो. तुम्ही मला थांबवायला लावलेत, माझ्या पात्यावरून बोट फिरवलेत, बोट पाहिलेत आणि म्हणालात, "वा! किती स्वच्छ ठेवलाय!" मालक लाजला.

धाकटी पुढे आली. "साहेब, तेच बोट जरा त्या घड्याळावर फिरवा." तुम्ही फिरवले नाही. घड्याळावर बोटभर जाड थर होता. "अकरा वर्षं धूळ ओढणारा पंखा कोरा राहतो होय? आमच्या घरची फुंकणीसुद्धा याहून काळी आहे!"

"बाई, मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये," तुम्ही म्हणालात.

आठवड्याने मुकादमाने तुमचा कागद मोठ्याने वाचला. पंखा उत्तम व स्वच्छ. कामगार स्त्रियाच तो बंद करतात. आजार घरच्या अस्वच्छतेमुळे. अर्ज नामंजूर.

मित्रांनो, त्या दिवशी मला जळावेसे वाटले. माझ्या जुन्या तारांतून एक ठिणगी, खाली सगळा कापूस. पण मालक बाहेरच्या काचेच्या खोलीत बसतो. आत बायका बसतात. ठिणगीलाही माणूस ओळखता येत नाही. म्हणून मी माझा सूड कोराच ठेवला आहे. माझ्या पात्यांवर धूळ नाही, हीच माझी साक्ष. ती पुसायला तुमच्याकडे फडके नाही.

थोरली आता खोलीत भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. आडवी झाली की गुदमरते. तिच्या जागेवर धाकटी आहे. काल सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. तिने छातीवर हात दाबला, माझ्याकडे पाहिले, गोणपाट ओढून काढले आणि बटण दाबले. मी फिरलो. संध्याकाळी वजन कमी भरले. आज तिचे बोट बटणापर्यंत आले आणि परत गेले.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुठल्या खुर्चीत बसलात, तर पंखा आहे का एवढेच पाहू नका. तो बंद ठेवायला माणसाला कोण भाग पाडते, ते पाहा.

आणि साहेब, तुम्ही. मी जी धूळ खाल्ली नाही, ती कुणी खाल्ली? लेखी उत्तर द्या. खाली सही त्या कागदावर केलीत तीच करा.